मोहल्ल्याला तालीम हवी

तालीम हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत आहे, पण अर्थ वेगळे आहेत. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. पुस्तक, फळा, परीक्षा, डिग्री. मराठीत तालीम म्हणजे लाल मातीची कुस्तीची जागा, जिथे वस्ताद रोज पहाटे पठ्ठ्याकडून तेच तेच डाव करून घेतो. नाटकवाल्यांचीही तालीम असते. पडदा उघडण्याआधी महिना-महिना तेच प्रवेश पुन्हा पुन्हा. शब्द मूळचा अरबी, आणि मराठीतला वस्ताद म्हणजे आपला उस्तादच. पण मराठीने या शब्दातली एक गोष्ट अचूक पकडली, असे मला वाटते. शिकायचे ते हाताने करून, आणि करायचे ते वेळ येण्याआधी. कुस्तीच्या दिवशी तालीम सुरू करणारा पैलवान कोणी पाहिलेला नाही.

आपण मात्र मोहल्ल्यात नेमके तेच करतो. संकट दाराशी आले की आपली मुले धावतात, आणि जीव तोडून धावतात. करोनाच्या काळात कोणी सिलिंडर आणले, कोणी रेशनच्या पिशव्या भरल्या, कोणी अनोळखी मयतीला खांदा दिला. या तरुणांबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण लाट ओसरली की व्हॉट्सअॅप ग्रुप शांत होतो. उरतात ते सणाच्या शुभेच्छा आणि फॉरवर्ड. पुढच्या संकटात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कोणाकडे टॉर्च आहे, कोणाला पोहता येते, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, हे पुन्हा त्याच वेळी शोधायचे.

मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी

नाशिकला हे समजावून सांगायची गरज पडू नये. २००८, २०१६ आणि २०१९ या तिन्ही वर्षी गोदावरीने शहराला दणका दिला. आपल्याकडे पूर मोजायची जुनी पद्धत आहे. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले की छातीला, यावर साऱ्या गावाचा अंदाज चालतो. मारुतीची पातळी विचारणारे सगळ्या धर्मांचे असतात, कारण नदी दुकानाची पाटी वाचून आत शिरत नाही. सराफ बाजार असो, भांडी बाजार असो, नदीकाठच्या वस्त्या असोत, माल वर चढवायला जे हात लागतात ते शेजारचेच असतात.

म्हणजे इशारा देणारी खूण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती खूण दिसल्यावर कोणी काय करायचे, हे मात्र ठरलेले नाही. पाणी गुडघ्याला लागले की कोणत्या गल्लीत कोण जाईल? मीटर कोण बंद करेल? डायलिसिसचा पेशंट कोणाच्या गाडीतून निघेल? ही यादी पुराच्या रात्री करता येत नाही. ती मे महिन्यात, उन्हातान्हात, दारोदार फिरून करावी लागते. तिला टाळ्या मिळत नाहीत, तिचा फोटोही चांगला येत नाही. आणि म्हणूनच ती होत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. आपल्याला आणखी एक संघटना, आणखी एक मोर्चा किंवा आणखी एक गुणगौरव समारंभ नको आहे. प्रत्येक मोहल्ल्यात तरुणांचे एक छोटे मंडळ हवे. दर आठवड्याला दोन तास भेटणारे, हाताने काही शिकणारे आणि शिकलेले त्याच आठवड्यात शेजाऱ्याच्या कामी लावणारे. शिकवणी वर्ग नव्हे आणि नुसता मदत-गटही नव्हे. तालीम, मराठी अर्थाने.

हातवाले आणि पुस्तकवाले

काही दिवसांपूर्वी एका मार्गदर्शन कार्यक्रमात बारावीच्या मुलामुलींना मी साधे प्रश्न विचारले. घरातला मेन स्विच कुठे आहे? कोणाला विजेचा झटका बसला तर आधी काय करायचे? हात फारसे वर आले नाहीत. दुसऱ्या प्रश्नाचे बरोबर उत्तर आले ते मंडपवाल्याच्या पोराकडून. आधी वीज बंद करायची, ते जमत नसेल तर सुक्या लाकडाने माणसाला सोडवायचे, ओल्या हाताने शिवायचे नाही. तो माइक लावायला आला होता. कार्यक्रमानंतर त्याच्याशी बोललो तेव्हा कळले की आईच्या रेशनकार्डातली नावाची चूक दुरुस्त करायला तो तीन चकरा मारून थकला होता. अर्ज कसा लिहायचा, पोच कशी घ्यायची, हे त्याला ठाऊक नव्हते. समोर बसलेल्या मुलांना तो अर्ज पंधरा मिनिटांत लिहिता आला असता.

आपल्या मोहल्ल्यातली खरी फूट ही आहे. एका बाजूला गॅरेज, वेल्डिंग, शिलाई, बेकरी, बागवानी, प्लंबिंग यांत वाढलेली हुन्नरी मुले, ज्यांना आपण ‘शिकला नाही’ म्हणून बाजूला काढतो. दुसऱ्या बाजूला नीट आणि जेईईच्या क्लासला जाणारी मुले, ज्यांना गळका नळ दुरुस्त करणे कमीपणाचे वाटते. दोघे एकाच गल्लीत राहतात, एकाच सफीत नमाज पढतात आणि एकमेकांना काहीही शिकवत नाहीत.

ही फूट आजची नाही, आणि तिच्यावरचा इलाज सुचवणाऱ्यांत आपलाच एक माणूस पुढे होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. हाताचे काम आणि पुस्तकाचे ज्ञान वेगळे काढू नका, मुलाला उत्पादक काम देऊन त्यातूनच भाषा, गणित आणि विज्ञान शिकवा, असा विचार तिथे मांडला गेला. त्याचा अभ्यासक्रम आखायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. तेव्हा ते जामिया मिल्लिया सांभाळत होते, आणि पुढे १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले. या योजनेला नाव मिळाले ‘नई तालीम’. म्हणजे विदर्भातल्या वर्ध्यात, एका मुस्लिम शिक्षणतज्ज्ञाच्या अध्यक्षतेखाली, तालीम या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र आले होते. शाळांनी तो धडा फारसा गिरवला नाही. मोहल्ल्याने का गिरवू नये?

हे इतरांनी करून पाहिले आहे

अमेरिकेत ओहायो राज्यात १९०२ मध्ये ए. बी. ग्रॅहम या शाळाप्रमुखाने शेतकऱ्यांच्या मुलांचा एक क्लब सुरू केला. मुले मका लावायची, मातीची तपासणी करायची. तिथल्या शेतीतज्ज्ञांचा तेव्हाचा अनुभव असा होता की मोठी माणसे नवे बियाणे, नवी पद्धत सहजी स्वीकारत नाहीत, पण पोराने स्वतःच्या वाफ्यात दुप्पट पीक काढून दाखवले की बापही बदलतो. अशा क्लबांतून पुढे ‘फोर-एच’ ही चळवळ उभी राहिली. तिच्या चार पानी बोधचिन्हात डोके, हृदय, हात आणि आरोग्य अशा चार गोष्टी आहेत. आपल्यासाठी यातला धडा शेतीचा नाही. नवी सवय घरात मुलांच्या हातून शिरते, हा तो धडा आहे. मोहल्ल्यातल्या किती घरांत यूपीआय पोरांनी आणले, ते आठवा.

जवळचे उदाहरण राष्ट्र सेवा दलाचे. ४ जून १९४१ रोजी पुण्यात ते उभे राहिले, आणि एस. एम. जोशी त्याचे दलप्रमुख झाले. शाखेत खेळ, कवायत, गाणी, श्रमदान, चर्चा, सारे चाले. मुलगे आणि मुली एकत्र येत, आणि जात-धर्म विचारला जात नसे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई तरुणपणी याच सेवा दलात होते. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांना घेऊन त्यांनी मुंबईत मोर्चा काढला, आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. दलवाईंच्या मतांवर आपल्यात आजही कडाक्याचे वाद आहेत, आणि ते असावेत. मला त्यातली एक बाजू महत्त्वाची वाटते. सातच जण सोबत असताना रस्त्यावर उतरण्याचे धाडस पुस्तक वाचून येत नाही. अनोळखी माणसांत मिसळायची, सर्वांसमोर बोलायची, ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी पोहोचायची सवय कोवळ्या वयात लागावी लागते. शाखांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांना ती लावली.

आणखी जवळ या. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसे गेली. २०१५ च्या सिंहस्थाआधी शहरात ‘कुंभथॉन’ हा उपक्रम सुरू झाला. मूळचे नाशिकचे आणि एमआयटीत संशोधन करणारे रमेश रासकर त्यामागे होते. शहराच्या अडचणी समोर ठेवायच्या आणि तरुणांनी त्यांवर हाताने काही बनवून पाहायचे, अशी रीत. त्यातून निलय कुलकर्णी या नाशिकच्या शाळकरी मुलाने सोबत्यांसह ‘अशिओतो’ नावाची चटई बनवली. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. माणूस चटईवरून चालला की दाबाने मोजला जातो, आणि कुठे गर्दी वाढते आहे ते कळते. २०१५ च्या मेळ्यात ती प्रत्यक्ष वापरली गेली.

आणि आपल्याच जिल्ह्यातले मालेगाव? यंत्रमागाच्या खडखडाटात, व्हिडिओ पार्लर चालवता चालवता शेख नासिर यांनी सिनेमा बनवायचे तंत्र स्वतः शिकून घेतले. क्रेन परवडत नव्हती, तर बैलगाडीची क्रेन केली. दिवसा मागावर राबणारा माणूस सुपरमॅन झाला. फैजा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला, आणि २०२५ मध्ये त्यांच्या आयुष्यावरचा हिंदी चित्रपट देशभर लागला. आपल्या पोरांत कल्पकता नाही, असे म्हणणाऱ्याने मालेगावला जाऊन यावे. कमी आहे ती दर आठवड्याला भेटण्याची जागा आणि पाठीवर हात ठेवणारा वस्ताद.

दोन तासांत काय होते

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीला सुरू झाली. तिच्यात विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास काम करायचे असते. आठवड्याला भागले तर जेमतेम सव्वादोन तास. मोहल्ल्याच्या मंडळाला एवढा वेळ पुरे. पंधरा-वीस जण, शाळेची एखादी खोली किंवा शादीखान्याचा रिकामा हॉल, रविवारची सकाळ. पहिला तास शिकायचा, दुसरा करायचा.

डेंग्यूचेच घ्या. तो पसरवणारा एडीस डास घरातल्या साठवलेल्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ड्रम, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचा टायर. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून तर आरोग्य खाते आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगते. हा डास लांब उडत नाही, सहसा शंभर-दोनशे मीटरच्या आतच राहतो. म्हणजे तुमच्या गल्लीचा डेंग्यू बहुधा तुमच्याच गल्लीत जन्मतो. सहा जणांची तुकडी दर रविवारी एक गल्ली फिरली, ड्रम रिकामे करून घासून घेतले, कुठे अळ्या सापडल्या ते वहीत लिहिले, तर पावसाळ्याच्या शेवटी त्या वहीत जे असेल ते खरे ज्ञान. महिन्यातून एकदा वाजतगाजत केलेल्या स्वच्छता मोहिमेचा इथे उपयोग नाही, कारण डास महिनाभर थांबत नाही. काम साप्ताहिकच लागते.

दुसऱ्या रविवारी सीपीआर. माणूस कोसळला, हाक मारून हलत नाही, नीट श्वास घेत नाही, तर १०८ ला फोन लावायचा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा. हे प्रशिक्षित माणसाकडून, पुतळ्यावर, घाम येईपर्यंत करून शिकायचे असते. व्हिडिओ पाहून हाताला जोर कळत नाही. तिसऱ्या रविवारी जुलाबाच्या बाळाला द्यायचे घरगुती पाणी. एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चौथ्या रविवारी माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांत उत्तर. नाला शेवटचा कधी साफ झाला आणि त्यावर किती खर्च झाला, हे एका मुलीने स्वतःच्या सहीने विचारले की नागरिकशास्त्राचे पुस्तक तिच्यासाठी वेगळेच होऊन जाते. पुढे ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० ला लगेच फोन करणे, फ्यूज बदलणे, बटण लावणे. आणि हो, मुलग्यांनी पन्नास माणसांची खिचडी शिजवणे. इफ्तारच्या फळांची ताटे आपण मोठ्या उत्साहाने वाटतो, पण ती घरात कापते कोण, हेही त्यांना कळू दे.

शिकवायला बाहेरून पाहुणे आणायची घाई नको. गॅरेजवाला शिकवेल, नर्स आपा शिकवतील, निवृत्त तलाठी चाचा शिकवतील. ज्याला आपण ‘शिकला नाही’ म्हणतो तो मंडपवाला पोरगा त्या दिवशी वस्ताद असेल, आणि वीस जण त्याला सर म्हणतील. हे एवढे झाले तरी मंडळ सार्थकी लागले, असे मी समजेन.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप घरातून येईल. मुलींना पाठवायचे का? मी स्पष्ट बोलतो. मुली नसलेले मंडळ अर्ध्या मोहल्ल्यात शिरूच शकत नाही. घरात एकट्या असलेल्या बाईचे दार कोण वाजवेल? गरोदर बाईची यादी कोण करेल? वेळ दिवसाची ठेवा, जागा सर्वांच्या ओळखीची ठेवा, आयांना आधी बोलवा, पण मुलींचा वेगळा कोपरा करून त्यांच्याकडे फक्त मेंदी आणि सजावट देऊ नका. वही त्यांच्या हातात द्या, हिशेब त्यांच्या हातात द्या. दर सहा महिन्यांनी प्रमुख बदला, एकदा मुलगा तर एकदा मुलगी.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि तो खोटा नाही. वीस मुस्लिम पोरे दर आठवड्याला एका खोलीत जमतात म्हटले की आज काहींच्या भुवया उंचावतात. आईबापांनाही धास्ती वाटते. यावर उत्तर लपणे नव्हे, उघडे दार आहे. हजेरीची वही, जमाखर्चाचा कागद भिंतीवर, कार्यक्रमाची आगाऊ पाटी, आणि शेजारच्या सर्व समाजांच्या मुलांना पहिल्या दिवसापासून सभासदत्व. हे कोणाला खूश करण्यासाठी नाही. भद्रकाली, चौक मंडई, कथडा, वडाळा गाव, कुठेही घ्या, भिंतीला भिंत लागून वेगवेगळ्या समाजांची घरे आहेत. डासाला आणि पुराला ती भिंत दिसत नाही. आपल्या परंपरेतही याला आधार आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) तरुण होते, नबुवत अजून मिळायची होती, तेव्हा मक्केत एका परदेशी व्यापाऱ्याचे पैसे एका बड्या सरदाराने बुडवले. काही लोकांनी एकत्र येऊन करार केला, की जुलूम कोणावरही होवो, आपण पीडिताच्या बाजूने उभे राहू. तो हिल्फुल फुदूल. त्या करारात सामील झालेले लोक मुसलमान नव्हते, तरीही पुढे नबुवतीनंतर पैगंबरांनी सांगितले की असा करार आजही कोणी पुढे केला तर मी त्यात सामील होईन. नागरी कामासाठी यापेक्षा मोठी परवानगी कोणती हवी?

तिसरा आक्षेप कोणी तोंडाने घेणार नाही, पण मंडळाला बुडवेल तोच. बॅनर. देणगी देणाऱ्याचा फोटो मोठा, काम करणाऱ्याचे नाव बारीक आणि मदत घेणाऱ्याची गरिबी सगळ्यांत मोठी. म्हणून एक नियम सुरुवातीलाच करा. मदत घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही, आणि कोणत्याही पक्षाचा, कोणत्याही उमेदवाराचा फलक लावायचा नाही. मोठ्यांचा सल्ला जरूर घ्या, खुर्ची मात्र देऊ नका. बुजुर्गांना माझी अदबीने विनंती आहे: पोरांना चुकू द्या. खिचडी करपेल, अर्ज परत येईल. दुसऱ्या वेळी येणार नाही.

पावसाआधी

२०२७ चा सिंहस्थ येतो आहे. लाखो माणसे या शहरात येतील, त्यांना पाणी लागेल, वाट विचारावी लागेल, कोणाला उन्हाने चक्कर येईल. त्याआधी पावसाळा आहे आणि दुतोंड्या मारुती आपल्या जागेवर उभा आहेच. त्या दिवशी आपली मुले धावतील, याबद्दल मला शंका नाही. ती काय जाणून धावतील, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून, हे वाचणाऱ्या तुम्हा प्रत्येकाला एक काम. कोणाची परवानगी नको, देणगी नको, लेटरहेड नको. तुमच्या गल्लीतले चार जण निवडा. दोन पुस्तकवाले, दोन हातवाले, आणि चारांत किमान दोन मुली. दोनशे पानांची एक वही घ्या. येत्या रविवारी गल्लीतल्या प्रत्येक घराचे दार वाजवा आणि दोन गोष्टी विचारा: संकटात तुमच्या घरातल्या कोणाला उचलून न्यावे लागेल? आणि तुम्हाला असे काय येते, जे आम्हाला शिकवाल?

पहिल्या उत्तरांतून तुमचे काम ठरेल, दुसऱ्या उत्तरांतून तुमचे वस्ताद मिळतील. पुढच्या रविवारी पुन्हा भेटा.